पाचव्या पायरीचं पाणी

मंगळवार, १२ ऑक्टोबर १९२०. पहाटेचे सव्वापाच. बेहडाटोल्याच्या तलावात मुन्नीबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि तळहात चौथ्या पायरीच्या भोकापाशी धरून होती. काल संध्याकाळपर्यंत तिथं पाणी हाताला ओढत होतं. आज ओढ नव्हती. पाणी भोकाच्या खालच्या काठाला टेकून थांबलं होतं. म्हणजे चौथी पायरी संपली. तिनं कमरेला खोचलेला लाकडी दट्ट्या काढला, भोकात बसवला आणि दगडानं ठोकून घट्ट केला. वाऱ्यानं हललेलं ओंजळभर पाणीसुद्धा आता पाटात जायला नको होतं.

आमगावपासून दोन कोसांवरच्या या गावात मुन्नीबाई पाणकर होती. तलावाचं पाणी शेतांना पाळीपाळीनं सोडणं हे पाणकराचं काम. तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, आतल्या अंगानं दगडी पायऱ्यांचा उतार बांधलेला होता, त्याला तुडूम म्हणत. प्रत्येक पायरीला एक भोक आणि भोकाला दट्ट्या. वरची पायरी उघडी पडली की खालचा दट्ट्या काढायचा. पायऱ्या पाच होत्या. वरच्या चार शेतीच्या. पाचवी देवाची. तलाव बांधल्यापासून पाचवा दट्ट्या कोणी काढला नव्हता, आणि त्या मंगळवारी मुन्नीबाई ज्या दगडावर उभी होती तो पाचव्या पायरीचाच होता.

त्यामागची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. तलाव बांधला तेव्हा पाळ दोन पावसाळे फुटली. तिसऱ्या वर्षी बांधणाऱ्यांनी पाळीवर महादेवाचा दगड बसवला आणि त्याच्याकडे गाऱ्हाणं घातलं. तेव्हाच्या पुजाऱ्याच्या तोंडून देव बोलला, "शेवटची पायरी माही. ते पाणी शेतात जाऊ देऊ नका. जो तहानेला येईन त्याले या पाळीवरून मी परत नाही पाठवणार." पाळ त्यानंतर फुटली नाही. पुढे गावाची वस्ती वाढली, बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, वाढल्या, पण पाचवी पायरी तशीच राहिली. चांगल्या पावसाच्या वर्षी ती राखायला कोणाचं काही जात नव्हतं. यंदा मात्र पाऊस लवकर गेला होता.

मुन्नीबाईला ही गोष्ट कोणी सांगायची गरज नव्हती. ती या गावची नव्हे. छपन्याच्या दुष्काळात, म्हणजे १९०० च्या उन्हाळ्यात, सात वर्षांची असताना ती आईबापाबरोबर पूर्वेकडून चालत इथं आली. त्यांच्या गावानं धान वाचवायला तलाव तळापर्यंत उपसला होता. धान गेला तो गेलाच, आणि माघ संपायच्या आत गावात प्यायला पाणी उरलं नाही. धाकटा भाऊ वाटेत गेला. बेहडाटोल्याच्या पाळीवर हे तिघं पोचले तेव्हा गावातल्या काहींचं म्हणणं होतं की यांना पुढं पाठवा, आज तिघं आहेत, उद्या तीस येतील. तेव्हाचा पाणकर म्हणाला, "शब्द देवाचा आहे, आपला नाही. पिऊ द्या." त्या पाणकराचा मधला मुलगा जियालाल. कुटुंब पोवार जातीचं होतं, मुन्नीचंही पोवारांचंच. आठ-नऊ वर्षांनी तिचं त्याच्याशी लग्न झालं.

सासरा गेल्यावर जियालाल पाणकर झाला. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत जियालाल तीन दिवसांच्या तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. पाणकराचं काम बाईकडे द्यावं का, यावर गाव महिनाभर कुरकुरलं. पण कोणता पाट कोणत्या बांधीला आधी भरतो हे जियालालनंतर तिलाच माहीत होतं, आणि तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ बिसनलाल, गावचा मुकद्दम होता. गावचा मालक मालगुजार नागपुरात राही, गावात शब्द चाले मुकद्दमाचा. पाणकराला मिळणारा धान घरातच राहावा एवढा त्याचा हिशेब होता. मुन्नीबाईनं उपकार मानले नाहीत. उपकार मानणं तिच्या स्वभावात नव्हतं. जीभ तिखट होती आणि माघार घेतलेली कोणी पाहिली नव्हती.

त्या सकाळी ती ओल्या लुगड्यानं पाळ उतरून घरी आली तेव्हा बिसनलाल अंगणात बाजेवर बसलेला होता. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि ओसरीच्या खांबाआड उभी राहिली. पोवारांच्या घरात सून भासऱ्याशी बोलत नाही, त्याच्यासमोर तोंड उघडं ठेवत नाही. दोघांचा एकमेकांना स्पर्श झाला तर दोघांनी आंघोळ करून देवापुढं नारळ फोडायचा, आणि गावात महिनाभर चर्चा. म्हणून दोघांचं बोलणं नेहमी तिसऱ्याशी होई. तिसरी असे सासू सावित्रीबाई. ती आता दोघांच्या मधोमध बसून सुपात तांदूळ निवडत होती.

"माय," बिसनलाल आईला म्हणाला, "इले विचार, चौथी सरली का?"

"सरली म्हणा," खांबाआडून आवाज आला.

"सरली म्हणते," सावित्रीबाई म्हणाली.

"मले आयकू येते, माय. आता इले सांग, वरच्या बांध्यांतला भारी धान निसवाले आला. एक पाणी पायजे. एकच. ते नाही भेटलं तर लोंबीत दाणा भरत नाही, नुसतं तणस हाती येते. पाचवी उघडा लागते."

"त्यायले सांगा, पाचवी आपली नोहे."

"अवो, देव का धान खाते? देवाले तरी निवद कायचा दाखवणार तुमी?"

"निवद दाखवा नोका म्हणा. देवानं निवद नाही मांगला. पाणी मांगलं."

बिसनलाल उठला. तो दुष्ट माणूस नव्हता. वरच्या बांध्या एकट्या त्याच्या नव्हत्या. गावातल्या निम्म्या घरांचा वर्षाचा भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान तिथं उभा होता, आणि सकाळपासून चार माणसं त्याच्या दारात येऊन गेली होती. "माय, इले हेही सांग का इची बांधी तं वाळून गेली, म्हणून इले दुसऱ्याचं काही वाटून नाही राहिलं."

हे बोलणं खांबाआड लागलं. मुन्नीबाईची बांधी वरच्या बांध्यांतही सगळ्यात उंचावर होती. तिला पाणी देणं म्हणजे खालच्या तीन बांध्यांचं पाणी ओढून घेणं. म्हणून भाद्रपदातच तिनं आपला पाट स्वतः मातीनं बुजवला होता. गावात ते सगळ्यांना माहीत होतं, बिसनलाललाही.

"त्यायले सांगा," ती म्हणाली, "माही बांधी मीच वाळवली. कोणाच्या म्हणण्यानं नाही वाळली."

सावित्रीबाईनं सूप बाजूला ठेवलं. "तुमी दोघं आपसातच बोला ना बापा. माहं तोंड दुखून राहिलं."

अर्थातच ते शक्य नव्हतं. बिसनलाल पायताण घालून निघून गेला.

दुपारी पाळीवर गाव जमलं. बिसनलालनं पुजारी खेमराजला बोलावलं होतं. खेमराज वयस्क, बोलायला गोड आणि वरच्या बांध्यांत त्याचाही एक तुकडा होता. त्याच्या मते वाट सोपी होती. शब्द देवानं दिला, तर देवच तो मोकळा करील. कौल लावू. त्यानं महादेवाच्या दगडावर पाणी शिंपडलं, कण्हेरीच्या दोन पाकळ्या एक उजवीकडे एक डावीकडे चिकटवल्या आणि डोळे मिटून बसला. उजवी पडली तर उघडा, डावी पडली तर नाही. ऑक्टोबरचं ऊन होतं. दगड तापलेला, शिंपडलेलं पाणी बघता बघता उडालं. उजवी पाकळी पडली. थोड्या वेळानं डावीही पडली, पण तोवर कोणी बघत नव्हतं.

"देव म्हणते, उघडा," खेमराज म्हणाला.

बायका एका बाजूला बसल्या होत्या. मुन्नीबाई त्यांच्यातून उठली. खेमराजशी बोलायला तिला आडकाठी नव्हती, तो नात्यातला नव्हता.

"बाबाजी, एक सांगा. ज्या देवानं पयला शब्द देल्ला तो हाच होता का?"

"हाच तं. दुसरा कोणता रायते?"

"मंग हाच देव आज शब्द फिरवून राहिला?"

खेमराज गडबडला. "फिरवून नाही... पोटापाण्याचं पाहून..."

"बाबाजी, माणूस शब्द फिरवते. तुमी फिरवता, मी फिरवीन. ज्यानं पाळ फुटू नाही देल्ली तो फिरवत नाही. आज जो बोलला तो देव नोहे. तो तुमचा वरचा तुकडा आहे."

माणसांच्या बाजूनं कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. खेमराज लाल झाला. बिसनलालनं आकाशाकडं पाहून मोठ्यानं जाहीर केलं की उद्या सकाळी पाचवा दट्ट्या निघेल, पाणकर काढेल तर ठीक, नाहीतर मुकद्दम स्वतः काढेल. आकाशाकडं यासाठी की समोर भावजय होती.

मुन्नीबाईच्या मनात जे चाललं होतं ते भक्ती म्हणावं असं नव्हतं. ती हिशेब करत होती. तलाव उपसलेलं गाव तिनं पाहिलं होतं. त्या गावातही देव होता, पुजारी होता, आणि बहुधा कौलही लावला असेल. पण तिथं देवानं शब्द दिलेला नव्हता. इथं दिला होता, आणि तो खरा होता याचा पुरावा ती स्वतः होती. ती या पाळीवरून परत गेली नव्हती. तिच्या लेखी विषय एवढ्यावर संपत होता.

बुधवारी उजाडताना बिसनलाल, खेमराज आणि आठ-दहा शेतकरी पाळीवर आले तेव्हा तुडुमापाशी पाण्यातून एक डोकं वर दिसत होतं. मुन्नीबाई पाचव्या पायरीवर बसली होती. पाणी छातीच्या वर. दट्ट्या तिच्या खाली होता आणि दोन्ही हातांनी तिनं चौथ्या पायरीचा दगड धरला होता. पदर डोक्यावरून ओढलेला, त्याचं टोक पाण्यावर तरंगत होतं.

बिसनलाल दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. अडचण त्याच्या लक्षात आली, मग मागच्यांच्याही. दट्ट्या काढायचा तर तिला उठवायचं. उठवायचं तर हात लावायचा. बिसनलाल भासरा. बरोबरचे सगळे गावनात्यानं एक तर भासरे नाही तर सासरे. खेमराज म्हणाला, मी पुजारी, मी परस्त्रीला कसा शिवू. गडीमाणसं होती, पण मुकद्दमाच्या घरच्या सुनेला गड्यानं धरून ओढायचं, हे बिसनलाललाच बघवलं नसतं.

"बायायले बोलवा," कोणीतरी सुचवलं.

बायका आल्याच होत्या. पाणवठ्याच्या वाटेवर घागरी घेऊन उभ्या होत्या. गावच्या दोन्ही विहिरी तलावाच्या झिरप्यावर भरत. हे माणसांना माहीत होतं. बायकांना ते रोज दोराच्या लांबीवरून कळत होतं. अनुसयाबाई नावाची एक पोक्त बाई होती, तिच्या नवऱ्याची बांधी वरच होती. नवऱ्यानं तिला खूण केली. ती जागची हलली नाही.

"जा ना वो!" तो ओरडला. "का पायत राहिली?"

"जातो," अनुसयाबाई म्हणाली. "पण फागुनात पाणी कुठून आणू तेवढं सांगून ठेवा. मंग जातो."

नवऱ्यानं डोक्याचं पागोटं काढून पुन्हा बांधलं.

उरला एकच माणूस. केवलराम, तिघा भावांतला धाकटा. तो मुन्नीबाईचा दीर. दीर-भावजयीच्या नात्यात थट्टा चालते, हात धरला तर पाप लागत नाही. बिसनलालनं त्याला हाक मारली. केवलराम पाळीच्या टोकाला कडुलिंबाची काडी चावत उभा होता आणि आपलं नाव येईल हे त्याला बराच वेळ कळलं होतं.

"जाय गा, वयनीले उचलून आण!" मागून एकजण म्हणाला. हशा पिकला. केवलराम काडी थुंकून पायऱ्या उतरला. त्याचा धानही वर होता. शिवाय त्यानं वैशाखात नवी बैलजोडी घेतली होती.

"वयनी, उठा. थंडी वाजून राहिली असन."

"तुले वाजून राहिली का? मंग वर जाय."

"दादा म्हणते उचलून आण."

"मंग उचल. पण आधी सांग, चैतात बैलायले पाणी कुठं पाजशीन?"

"चैताचं चैतात पाहू. देव पाणी पाडीन."

"देवानं पावसाचा शब्द नाही देल्ला, केवल. धानाचाही नाही देल्ला. तहानेचा देल्ला. जेवढा देल्ला तेवढा धर ना. जो देल्लाच नाही तो कायले मांगतेस?"

पाळीवरून बिसनलालनं पुन्हा हाक दिली. मग केवलरामनं तिचा दंड धरला आणि ओढलं. मुन्नीबाईनं दगड सोडला नाही. त्यानं पाय रोवून दुसऱ्यांदा ओढलं. पायरीवर शेवाळ होतं. केवलराम पाठीवर पडला, डोक्यासकट पाण्यात गेला आणि खोकत वर आला तेव्हा वरची माणसं आणि घागरीवाल्या बायका सारख्याच हसत होत्या. मुन्नीबाई हसली नाही. तिनं फक्त पदर सावरला.

केवलराम ओरबाडलेलं कोपर धरून वर आला. "दादा, माह्यानं होत नाही. तुमचा हात चालत असन तं तुमी जा."

तो खरंच जमलं नाही म्हणून परत आला, की तिसऱ्यांदा ओढायची त्याची इच्छा नव्हती, हे त्याला नंतर अनेकांनी विचारलं. त्यानं कोणाला सांगितलं नाही.

ऊन चढलं. माणसं पाळीवर बसून राहिली, मुन्नीबाई पाण्यात. सूर्य डोक्यावर आला तेव्हा तिचे ओठ निळे झाले होते. सावित्रीबाई काठी टेकत आली आणि तुडुमाच्या वरच्या पायरीवर बसली. मुन्नीबाईनं तिला काहीतरी सांगितलं. म्हातारीनं ते दोनदा विचारून घेतलं, मग लेकाकडं वळली.

"बिसन, हे म्हणते, मिरग लागते त्या दिवशी या तलावात बैलजोडी पोटभर पिईन एवढं पाणी नसलं, तं इची बांधी तुही. घरही तुहं. हे गाव सोडून जाईन."

"आणि असलं तं?"

सावित्रीबाईनं खाली विचारलं. "काही नाही म्हणते. असलं तं असलं."

बिसनलालनं मनात हिशेब केला. चौथ्या पायरीखाली उरलेलं पाणी, सात-आठ महिन्यांचं ऊन, गावची दोनशे गुरं. त्यानं आयुष्यभर हा तलाव पाहिला होता. पाणी चैतापलीकडं टिकणार नाही असं त्याचं मत होतं, आणि ते अडाणी मत नव्हतं. मुन्नीबाईची बांधी त्याच्या बांधीला लागून होती. पण त्याहून मोठं कारण हे, की दुपार होत आली होती आणि गावासमोर परत जायला त्याला एखादी वाट हवी होती.

"पाच माणसांसमोर ठरलं म्हण," तो आईला म्हणाला, आणि उठला.

वरच्या बांध्यांतला भारी धान गेला. लोंब्या आल्या, उभ्या राहिल्या, आत दाणा नव्हता. खालच्या अर्ध्या शेतांतला धान आला. ज्यांचा गेला त्यांनी त्या थंडीत मुन्नीबाईला पाणकराचा हिस्सा दिला नाही, आणि काहींनी तिच्या दारावरून जाताना थुंकणं सुरू केलं. तिनं कण्या खाल्ल्या, मोहफुलं खाल्ली. खेमराजच्या बायकोनं तिला हळदीकुंकवाच्या दिवशी दारातून परत पाठवलं. विधवेला तसंही बोलावत नव्हते; मुद्दाम बोलावून परत पाठवलं.

होळीच्या सुमाराला तलावाचा तळ कडेनं उघडा पडायला लागला. पाणी पाचव्या पायरीच्या भोकाखाली गेलं. तिथून पुढं दट्ट्याला राखायचं काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते तळातलं खोलगट डबकं. मुन्नीबाईनं त्या दिवशी नियम बदलला. गुरं पाण्यात उतरवायची नाहीत. एक जनावर पितं त्याच्या तिप्पट चिखल करतं. केवलरामनं मोहाचा पडलेला बुंधा कोरून दोन डोण्या केल्या, बांबूचा कूड घालून पाण्याभोवती वाट अडवली, आणि पाणी घागरीनं काढून डोण्यांत ओतायचं, गुरांनी तिथं प्यायचं, असं ठरलं. घागरी ओतायला सकाळी चार बायका लागत. पहिल्या आठवड्यात एकटी मुन्नीबाई होती. दुसऱ्या आठवड्यात अनुसयाबाई आली, काही न बोलता घागर घेऊन खाली उतरली. मग बाकीच्या.

खरी कसोटी चैत्राच्या शेवटी आली. नाल्यापलीकडच्या पारटोल्याचा तलाव कोरडा झाला. तिथला एक म्हातारा, चुन्नीलाल, ऐंशी-नव्वद गुरं आणि दहा-बारा माणसं घेऊन पाळीवर आला आणि लांबच उभा राहिला. गाव जमलं. या वेळी केवलरामसुद्धा विरोधात होता.

"वयनी, आपल्यालेच पुरते का नाही ठाव नाही. तुमची बांधी लागली आहे त्याच्यावर."

"शब्दात गावाचं नाव होतं का?" मुन्नीबाईनं विचारलं.

"नोहतं," केवलराम म्हणाला. "पण शब्द देणाऱ्यानं पाणी मोजलं होतं का?"

मुन्नीबाई पाळीवरच्या महादेवापुढं जाऊन उभी राहिली. हात जोडले नाहीत. जवळच्या बायकांना ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "तुमी म्हणलं होतं, मी नोहतं म्हणलं. आता तुमचं तुमी पाहा. मी घागर भरतो." आणि खाली उतरून तिनं चुन्नीलालला हात केला.

त्या रात्रीपासून ती नीट झोपली नाही, हे सावित्रीबाईनं नंतर सांगितलं. विश्वास होता म्हणून काळजी नव्हती असं झालं नाही. पाणी रोज बोटभर उतरत होतं. वैशाखात डबक्याच्या कडेला चिखल वाळून भेगा पडल्या. तिनं माणसं लावून मधला गाळ उपसला, तेव्हा खालून थोडं गढूळ पाणी झिरपलं. रात्रभर ठेवलं की सकाळी वर निवळ येई. पारटोल्याच्या माणसांनी आपणहून गाळ उपसायला गडी पाठवले. ते नसते तर एवढं खोदणं बेहडाटोल्याला जमलं नसतं. मुन्नीबाईनं हे नोंदवून ठेवल्यासारखं एकदा सासूला सांगितलं, "देवानं पाठवले ते पिणारे नोहते, माय. खोदणारे होते." सावित्रीबाई म्हणाली, "दोन्ही होते." मुन्नीबाईनं मान डोलावली.

७ जून १९२१, मंगळवार. मिरग लागला. आकाश कोरडं होतं, पूर्वेला ढगाचा ठिपका नव्हता. सकाळी बिसनलाल पाच माणसांना घेऊन पाळीवर आला. त्यानं काठी आणली होती. केवलरामनं आपली बैलजोडी आणली; मागच्या वर्षी वैशाखात घेतलेली तीच, बरगड्या मोजता येत होत्या पण पायांवर उभी. बिसनलाल कूड ओलांडून खाली उतरला आणि डबक्यात काठी रोवली. काठी वर काढून त्यानं ओला भाग बघितला. मग केवलरामला खूण केली. अनुसयाबाईनं घागरी ओतल्या, डोणी भरली. बैल प्यायले. मधे थांबले, पुन्हा प्यायले, आणि डोणीत पाणी उरलं असताना त्यांनी तोंडं वर केली.

खेमराज पाच माणसांत होता. तो पाळीवरच्या दगडाकडं न बघता घरी गेला. मुन्नीबाई कुडापाशी पदर ओढून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते कोणाला दिसलं नाही.

बिसनलाल काठी पुसत वर आला. वाटेत आई बसली होती, तिच्यापाशी थांबला.

"माय, इले सांग, पाऊस यायले अजून आठ-पंधरा दिवस लागन. हे असंच चालू ठेवा लागते."

"चालूच आहे म्हणा," कुडापासून आवाज आला.

"आणि उद्यापासून माह्या म्हशीही इकडेच आणतो. घरच्या विहिरीत आता काही नाही. कवा आणू विचार."

मुन्नीबाईनं बोटांवर मोजलं. पारटोल्याची गुरं लांबून येतात, त्यांना ऊन व्हायच्या आत परत जायचं असतं. मग अनुसयाबाईच्या आळीची. मग गडीमाणसांची गुरं-बकऱ्या. तिनं सासूला सांगितलं आणि सावित्रीबाईनं लेकाला, शब्द न बदलता.

बुधवारी पहिली डोणी पारटोल्याची, सूर्य निघायच्या आधी. मुकद्दमाच्या म्हशींचा नंबर चौथा.